अकरावी-बारावीतले ‘नसते उद्योग’

शाळेच्या वार्षिक अहवालात ज्यांना ‘सहशालेय उपक्रम’ म्हणतात आणि महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकात ज्यांचे नाव ‘अभ्यासेतर उपक्रम’ असे होते, त्यांनाच मुंबईतल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत, मूल अकरावीला गेले की, ‘नसते उद्योग’ म्हटले जाते. गोष्ट तीच असते: नाटकाची तालीम, मैदानावरचा सराव, एनसीसीची परेड, गडावरची भटकंती, तबल्याचा रियाज. बदलते ते मुलाचे वय आणि त्याबरोबर घराची सहनशक्ती. आठवीपर्यंत जे अभ्यासासोबत चालते, ते दहावीनंतर अभ्यासाबाहेरचे ठरते आणि बारावीच्या दिवाळीपर्यंत अभ्यासाच्या आड येऊ लागते. हा लेख त्या दोन वर्षांबद्दल आहे. या वयाच्या मुलांचे उपक्रम टिकावेत म्हणून त्यांना गुणांचे, प्रवेशाचे किंवा नोकरीचे मोल चिकटवण्याचा जो उपाय आपण आजवर करत आलो, त्यानेच ते खिळखिळे झाले, असे माझे मत आहे. त्यांना वेळ हवा आणि जागा हवी, आणि या दोन्ही गोष्टी द्यायला आपण तयार नाही.

आधी वेळेचा हिशेब मांडू, कारण या विषयावर बोलताना तो क्वचितच मांडला जातो. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया मुंबईत २००९ पासून आहे आणि २०२५ पासून ती राज्यभर लागू झाली; तिच्या फेऱ्या, पसंतीक्रम, कोट्यांतले प्रवेश आणि उरलेल्या जागांसाठीची शेवटची धावपळ यांत पावसाळ्याचा मोठा भाग निघून जातो. वर्गातली मुले एकमेकांना नावाने हाक मारू लागेपर्यंत गणपती येतात, मग सहामाही, मग दिवाळी. अकरावीच्या परीक्षेनंतर सुट्टी अशी नसतेच, कारण क्लासमध्ये बारावीचा ‘पोर्शन’ एप्रिलमध्येच सुरू झालेला असतो. बारावीच्या जानेवारीत जेईईचे पहिले सत्र येते, त्याच सुमारास प्रात्यक्षिके लागतात आणि त्यानंतर बोर्डाची लेखी परीक्षा; २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा दहा दिवस आधी. पुढे एमएचटी-सीईटी, आणि मेच्या पहिल्या रविवारी नीट. चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते. नाटकाचे वेड असलेल्या मुंबईकर मुलांच्या वर्षातली ती सर्वांत मोठी रात्र, पण बारावी विज्ञानाच्या मुलाला ती प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून जागवण्याचीही परवानगी मिळणे कठीण. कला आणि वाणिज्य शाखांत थोडी मोकळीक असते, हे खरे. विज्ञान शाखेच्या मुलाच्या हाती मात्र उरतात ते अकरावीच्या दिवाळीनंतरचे चार महिने.

या चार महिन्यांत त्याने काही करावे, असे वाटायला लावणारी व्यवस्था आपण कशी उभी केली आहे, ते आता पाहू. दहावीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली तर ७ वाढीव गुण मिळतात, शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या ठरावीक परीक्षा दिल्या तरी गुण मिळतात, आणि खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ गुणांपर्यंत सवलत आहे. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यामागे या वाढीव गुणांचाही हात होता. हेतू वाईट नव्हता. कला आणि खेळ यांच्याकडे पालकांनी लक्ष द्यावे म्हणून हे गुण आले आणि पालकांनी लक्ष दिलेही. आठवी-नववीत चित्रकलेचे वर्ग भरून वाहतात, हार्मोनियमच्या शिकवणीला आधी नाव नोंदवावे लागते, आणि मूल सुरात गाते का, यापेक्षा दहावीच्या फॉर्मआधी त्याची कितवी परीक्षा होईल, ही चौकशी आधी होते.

पुढे काय होते, तेच या उपायाची खरी परीक्षा घेते. बारावीला कलेचे वाढीव गुण नाहीत. खेळाचे आहेत, परंतु अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटी किंवा जेईईच्या आणि वैद्यकीयचा नीटच्या गुणांवर होतो. बारावीच्या गुणांचे काम तेथे बहुतांशी पात्रतेपुरते असते. म्हणजे ज्या नाण्याने आपण दहावीपर्यंत तबला विकत घेत होतो, ते नाणे अकरावीच्या जूनपासून बाजारात चालेनासे होते. तबला खोळ घालून माळ्यावर जातो आणि ड्रॉइंगबोर्ड कपाटामागे. ज्याला खरोखर चित्र काढायचे होते तो लपूनछपून वहीच्या मागच्या पानावर काढत राहतो. पण असा मुलगा वाढीव गुण नसते तरी काढतच राहिला असता. बाकीच्यांना आपण दहा वर्षे कलेचे शिक्षण दिले असे समजत होतो, प्रत्यक्षात मात्र त्यांना सात गुण मिळवण्याचे शिक्षण दिले होते, आणि ते त्यांनी चोख घेतले.

मी दादर परिसरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे मराठी शिकवले. शेवटच्या काही वर्षांत विज्ञानाच्या एका तुकडीत पटावर एकशे वीस नावे असत आणि समोर कधी पंधरा, कधी वीस मुले. उरलेली आजारी नव्हती आणि भटकतही नव्हती. ती क्लासमध्ये बसलेली असत. महाविद्यालय आणि क्लास यांच्या ‘टाय-अप’ची, म्हणजे नाव महाविद्यालयात आणि शिकणे क्लासमध्ये अशी, पद्धत मुंबईत इतकी रुळली, की २०१८ मध्ये शासनाला मुंबईसह मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग संस्थांनी प्रवेश देऊ नये, माध्यमिक परीक्षेनंतरच द्यावा, अशी मार्गदर्शक सूचना काढली. तिचा उपयोग लहान मुलांना होईल तो होईल. आपल्या विषयापुरते पाहिले, तर अकरावीचे दार तिने क्लासना अधिकृतपणे उघडून दिले. उपक्रमांना सर्वांत मोठा तडाखा येथे बसतो, कारण उपक्रमासाठी आधी मुले एका जागी असावी लागतात. रिकाम्या इमारतीत वाङ्मय मंडळ चालत नाही. दर वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही मंडळाची सूचना फळ्यावर लावत असू, आणि तीच पंधरा मुले पुढे येत असत, म्हणून वक्ता, आभार मानणारा आणि सतरंज्या घालणारा अशा तीनही जागी अनेकदा एकच मुलगा असे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला चित्र अगदी उलटे दिसते. दक्षिण मुंबईतल्या आणि जुहू-पवईकडच्या आंतरराष्ट्रीय शाळांत अकरावी-बारावीची मुले उपक्रमांनी वाकलेली असतात. अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांसाठी एकच असलेल्या ‘कॉमन ॲप’ या अर्जात उपक्रमांसाठी दहा रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात वर्णनाला दीडशे अक्षरे. हे दहा रकाने कसे भरावेत, कोणत्या क्रमाने भरावेत आणि त्यांत ‘नेतृत्व’ कसे दिसावे, हे सांगणाऱ्या सल्लागारांचा व्यवसाय मुंबईत चांगला चालतो. सतराव्या वर्षी स्वयंसेवी संस्था स्थापन होते, तिचे संकेतस्थळ निघते, वस्तीतल्या मुलांबरोबर छायाचित्रे निघतात आणि संस्थापक विमानात बसला की संस्था आटोपते. या मुलांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्यांतली काही खरोखर मन लावून काम करतात आणि त्यांच्या शाळांनी त्यांना वेळ, मैदान, रंगमंच यांतले काहीही कमी केलेले नाही, ही गोष्ट मला हेवा वाटण्याजोगी आहे. परंतु दादरच्या मुलाचा तबला माळ्यावर जाणे आणि जुहूच्या मुलीने तीन महिन्यांत संस्था काढणे, या दोन्ही गोष्टी एकाच समजुतीतून घडतात. उपक्रम कशाच्या तरी बदल्यात करायचा असतो. बदल्यात काही मिळत असेल तर करायचा, नसेल तर सोडायचा, ही ती समजूत.

म्हणूनच सीईटीच्या गुणांत खेळ आणि कला यांना काही टक्के वजन द्यावे, ही वरवर पाहता उदार वाटणारी मागणी मला धोक्याची वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कठोर भिंत नसावी, असे तत्त्व मांडले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र आपल्याकडे भिंत पाडायची म्हणजे पलीकडच्या गोष्टीलाही श्रेयांक लावायचे, असाच अर्थ घेतला जाईल, अशी मला भीती वाटते. उद्या अभिनयाला पाच टक्के मिळू लागले, तर परवा अभिनयाचे ‘क्रॅश कोर्स’ निघतील, शनिवार-रविवारच्या बॅचेस लागतील, आणि ज्या घराला त्यांची फी परवडेल त्या घराचे मूल पाच टक्क्यांनी पुढे जाईल. आज निदान एवढे तरी आहे, की तालमीच्या जागी कोणाला कशाचे टक्के मिळत नाहीत, म्हणून तिथे यायला पैसे लागत नाहीत.

गोविंदांचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. लालबाग-परळ, गिरगाव, माझगाव, जोगेश्वरी इथल्या गल्ल्यांत अकरावी-बारावीच्या वयाची मुले आषाढापासून रात्री सरावाला जमतात; शिस्त, तोल, दुसऱ्याच्या खांद्यावरचा विश्वास यांचे इतके कडक शिक्षण कोणत्याही महाविद्यालयाच्या उपक्रमात मिळत नाही, पण प्रवेशअर्जात त्याचा रकाना कधी नव्हता. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थरांच्या उंचीवर आणि गोविंदांच्या वयावर बंधने घातली, तो प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि त्यावर वाद झाला तो रास्तच होता. २०२२ मध्ये शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना क्रीडापटूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीचे दार उघडण्याची घोषणा केली. पथकांना आनंद झाला. मला मात्र इंटरमिजिएटचे सात गुण आठवले. (गणेशोत्सवातल्या मंडळाचे काम, चाळीतल्या वाचनालयाचे काम, रात्रशाळेत शिकणाऱ्या मुलाने दिवसभर दुकानात केलेले काम, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीचे काम, यांना अजून कोणी दर्जा दिलेला नाही. तो मिळू नये, अशीच माझी इच्छा आहे. या कामांची जाण ठेवणे आणि त्यांचे गुण देणे या वेगळ्या गोष्टी आहेत.)

पालकांची बाजू मात्र हलक्यात घेण्यासारखी नाही. डोंबिवलीहून रोज सव्वा तास लोकलने येणाऱ्या, एका पगारावर चालणाऱ्या घरातल्या बापाने मला एकदा सरळ विचारले होते: “सर, नाटकात पहिला आला तर त्याची फी कोण भरणार?” सरकारी महाविद्यालयातली जागा आणि खासगी महाविद्यालयातली जागा यांच्या शुल्कातला फरक अशा घराच्या सगळ्या बचतीएवढा असतो, हे माहीत असलेल्या माणसाने त्याला उपदेश करू नये. ‘नाटक केल्याने आत्मविश्वास वाढतो आणि गुणही वाढतात’ असे उत्तर त्याला देणारे आमच्यातले काही सहकारी होते. मी ते दिले नाही, कारण ते खरे आहे का, हे मला ठाऊक नाही आणि खरे असले तरी ते पुन्हा त्याच बाजारातले उत्तर आहे. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये केलेल्या ६६४ धावांच्या अभंग भागीदारीचा दाखला तर मी मुळीच देत नाही. त्या सामन्यात उरलेली वीस मुलेही होती. त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला आठवत नाहीत, आणि त्यांचे त्या दिवशी मैदानावर असणे योग्य होते की अयोग्य, याचा निर्णय त्या दोघांच्या पुढच्या कारकिर्दीवरून लावता येत नाही.

त्या वीस जणांच्या बाजूने बोलायचे, तर मुंबईपुरते एक कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे शहर माणसांना एका डब्यात कोंबते, पण एकत्र क्वचितच आणते. अकरावीचे प्रवेश टक्क्यांनी होतात, क्लासमधल्या बॅचेस चाचणीच्या गुणांनी पडतात आणि दर महिन्याला पुन्हा पाडल्या जातात. पहिल्या बॅचमधल्या मुलीला चौथ्या बॅचमधला मुलगा वर्षभरात भेटत नाही. घरेही आता उत्पन्नाप्रमाणे आणि जातीप्रमाणे, खाण्यापिण्याप्रमाणेसुद्धा, निरनिराळ्या इमारतींत वाटली गेली आहेत. एकांकिकेच्या तालमीत मात्र धारावीहून येणारा मुलगा मुख्य भूमिकेत असतो, हिंदू कॉलनीतली मुलगी प्रॉम्प्टिंग करते, इंग्रजी माध्यमातला एक जण ‘ळ’ म्हणायला शिकत असतो आणि मुलुंडचा कोणी सेटच्या फळ्या टेम्पोत चढवत असतो. यांच्यातले कोणीही एकमेकांना टक्क्यांवरून निवडलेले नसते. प्रयोग पडला तर सगळ्यांचा पडतो. सोळा ते अठरा या वयात, मतदार यादीत नाव लागण्याच्या थोडे आधी, आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांबरोबर काही तरी उभे करण्याची आणि ते पडलेले पाहण्याची संधी मिळणे, ही त्या मुलाइतकीच शहराचीही गरज आहे. म्हणून मी हा प्रश्न त्या बापावर टाकत नाही. तो सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याचा खर्चही सार्वजनिक असला पाहिजे.

हा खर्च किती, याचा अंदाज घ्यायला दादरलाच एक जुना दाखला आहे. आविष्कार या संस्थेने १९७४ मध्ये छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटके करायला सुरुवात केली. आविष्कारच्या संस्थापकांपैकी एक, अभिनेत्री सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. त्या साध्या सभागृहातून मराठी प्रायोगिक रंगभूमीची जी चळवळ उभी राहिली, तिला लोकांनी शाळेचेच नाव दिले. तिच्यामागे कोणाचे श्रेयांक नव्हते, वाढीव गुण नव्हते. शाळा सुटल्यानंतर एक सभागृह परवडणाऱ्या भाड्यात मिळत होते आणि तेथे रोज काही तरी करण्याची मोकळीक होती. पुढे आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत आपले काम नेले, तेथेही तेच: शाळेची जागा आणि संध्याकाळची वेळ. आज मुंबईतली अनेक कनिष्ठ महाविद्यालये अशी आहेत, की त्यांना मैदान नाही, सभागृह असले तर ते लग्नकार्याला किंवा प्रवेशपरीक्षांच्या केंद्राला दिले जाते, आणि दुपारी दोननंतर मुलाने वर्गात थांबलेले चालत नाही. मुली तर अधिकच अडतात. तालीम महाविद्यालयात असेल तर घरून होकार मिळतो, तीच कोणाच्या गच्चीवर किंवा बागेत हलवली की नकार येतो.

यात बदल करायचा तर मोठ्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठाचा युवक महोत्सव पदवीच्या विद्यार्थ्यांपुरता आहे. त्याच इमारतीत, त्याच ग्रंथालयात बसणारी अकरावी-बारावीची मुले त्यात फार तर पडदा ओढायला असतात. त्यांच्यासाठी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात बसेल असा वेगळा गट सुरू करणे प्रशासनाच्या दृष्टीने फार अवघड नसावे. खेळांत एकोणीस वर्षांखालील गटाच्या आंतरशालेय स्पर्धा आधीपासून आहेत; त्यांच्या तारखा घटक चाचण्यांशी भिडू नयेत, एवढे जरी पाहिले तरी सराव सोडणारी काही मुले टिकतील. टाय-अपवर बायोमेट्रिक यंत्राने काही साधले नाही आणि साधणारही नाही, कारण अंगठा लावून निघून जाता येते. त्यापेक्षा महाविद्यालयात थांबण्यासारखे काही असावे.

आणि थांबण्यासाठी दार उघडे हवे. आमच्या महाविद्यालयात सभागृहाची किल्ली कार्यालयात असे आणि कार्यालय साडेचारला बंद होई. तालमीसाठी मुले पाचला जमत, कारण त्याआधी क्लास सुटत नसे. वर्षानुवर्षे आम्ही अर्ज लिहिले. दर वेळी उत्तर येई, की शिपायाला जादा वेळेचा भत्ता कोणत्या शीर्षाखाली द्यायचा, याची तरतूद नाही. शेवटी एक शिपाईमामा स्वतःहून सातपर्यंत थांबू लागले. ते निवृत्त झाले, त्या वर्षी एकांकिका बसली नाही. शिक्षण विभागाने आणि महापालिकेने अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयांसाठी व महापालिकेच्या शाळांच्या सभागृहांसाठी संध्याकाळी चार ते सात या तीन तासांचा एका शिपायाचा आणि एका शिक्षकाचा भत्ता मंजूर करावा, त्या वेळेत सभागृह भाड्याने देऊ नये, आणि आत मुले काय करतात याचा अहवाल मागू नये, एवढीच माझी मागणी आहे.